नळीवरचा पदर

"मेरीताई, ही रेघ बघा. घरून निघाल्यावर अशी, चौफुल्याला हायवे ओलांडताना अशी वर. आणि इथं?" वैष्णवीनं लॅपटॉपवर बोट टेकवलं. "गुऱ्हाळापाशी आली की एकदम खाली. रोज. तिथं महाबळेश्वरची हवा कुठून आली?"

मेरीचे पिठाचे हात परातीतच थांबले. केडगावला मिशनच्या वसतिगृहात ती पोळ्या करी आणि सायकलीनं ये-जा करी, म्हणून पुण्याहून आलेल्या या पोरीनं तिच्या खांद्याला यंत्र बांधलं होतं. सायकलवाल्यांच्या छातीत किती धूर जातो ते मोजायला. डबीएवढं यंत्र, गळ्याजवळ आलेली बारीक नळी आणि सतत घुंई असा आवाज.

"यंत्र ठीक आहे, मी तपासलंय. तिथं नळीवर काही येतं का?"

येत होतं. मेरीला ते त्याच क्षणी कळलं. गुऱ्हाळाच्या दारात खाटेवर मालक बसलेले असत, सर्जेराव आप्पा. आप्पा दिसले की सायकलवरून उतरायचं आणि पदर डोक्यावरून ओढून दोन्ही खांद्यांवर घट्ट घ्यायचा. सून होऊन आली तेव्हापासून हात आपोआप तसा जाई. नवरा गेला तेव्हा पेटी कबरस्तानात न्यायला आप्पांनीच जीप पाठवली होती, आणि स्वतः जीपमागं चालत आले होते. त्यांच्यापुढं उघड्या डोक्यानं उभं राहायचं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

"पदर येतो," ती म्हणाली. "थोरली माणसं असत्यात तिथं."

"पण तुम्ही तिथं थांबता कशाला?"

"पोरगं हाय माझं. चुलवणात जाळ घालतं. त्याला डबा देते."

त्या चुलवणात काय जळतं हे रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही वासावरून कळे. चिपाडांबरोबर जुन्या चपलांचे तळ, प्लॅस्टिकची पोती.

"मॅडम, हे त्याच्याच गळ्यात बांधा की. त्यो दिसभर तिथंच असतो. रातीला खोकत उठून बसतो."

"नाही हो बांधता येत. आम्हाला फक्त सायकलवाल्यांचं मोजायची परवानगी आहे. तुमच्या फेरीत येईल तेवढंच लिहिता येतं." वैष्णवीचा आवाज खाली आला. "उद्याचा शेवटचा दिवस. उद्याही रेघ अशीच आली, तर तेवढा तुकडा गाळावा लागेल. मग कागदावर तिथं धूरच नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा धूर रस्त्यावर आडवा पडला होता. मेरी सायकलवरून उतरली. आज पदर घ्यायचा नाही असं घोकत आली होती, तरी आप्पा दिसताच तो डोक्यावर आला.

"काय गं मेरी, लय दिस बघतुय. ती डबी कसली?"

"हवा मोजती, आप्पा."

"हवा?" आप्पा हसले. "आन् डेअरीवानी फॅट कवा लावत्यात? दूधच म्हणायचं की मग!"

त्यांच्याशेजारी खाटेवर बसलेले दोघं खो खो हसले. आप्पांचं हसू मात्र थांबलं होतं.

"पलीकडच्या गुऱ्हाळाला तहसीलची माणसं कुलूप लावून गेली. तिथंबी कुणी असंच कायतरी मोजलं हुतं." त्यांनी खाटेवरची धूळ झटकली. "तुझ्या पोराला आता गुळव्याच्या हाताखाली गूळ वतायला घालावं म्हणतुय. जाळापासनं लांब. पदर नीट घे, ऊन हाय."

ऊन अजून कोवळं होतं.

तिचा ख्रिस्तोफर आतून आला. भुवया करपलेल्या, डोळे लाल. त्यानं सगळं ऐकलं होतं. डबा घेत तो हळूच म्हणाला, "आई, पदर घे आन् जा तू."

पुढं त्याला बोलता आलं नाही. खोकल्यानं तो वाकला, कॅरिअरला धरून उभा राहिला, आणि सायकलची घंटी आपसूक किणकिणत राहिली.

पदराखाली यंत्र कोंडल्यासारखं घुंई करत होतं.

मेरीनं सायकल स्टँडवर लावली. डोक्यावरचा पदर काढला, खांद्यावरून ओढून घेतला आणि कमरेला खोचला, पीठ मळायला बसताना खोचते तसा. नळी उघडी पडली.

खाटेवरचं हसू विझलं. आप्पांनी चटकन मान वळवून उसाच्या फडाकडं केली. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. धूर डोळ्यांत शिरला, घशाला झोंबला. ती रोज थांबायची तेवढीच थांबली.

"आई, काय केलंस हे!"

"तू जेव. भाकरी गार हुईल."

संध्याकाळी परतताना ख्रिस्तोफर गुऱ्हाळाच्या बराच अलीकडं, रस्त्याच्या कडेला उभा दिसला. हातात डबा.

"काय म्हनले आप्पा?"

"काय न्हाई. माझ्याकडं बघितलंच न्हाई. जाळावर दुसऱ्याला बसवलं."

तिनं डबा हँडलला अडकवला. जड होता.

"बस मागं."

"मी? सायकल मोडंल की!"

"मोडू दे. बस."

लहानपणी मिशनच्या देवळात प्रार्थनेला जाताना बसायचा तसा तो बसला. आता पाय जमिनीला घासत होते. गुऱ्हाळ आलं. आप्पा खाटेवरच होते. मेरीचा हात हँडलच्या मुठीवरून सुटून डोक्याकडं गेला, अर्ध्यात थांबला, सायकल डगमगली. तिनं तो परत मुठीवर आणला आणि पायडल मारत राहिली. मागं पोरगं खोकत होतं. प्रत्येक खोकल्याला त्याचं कपाळ तिच्या पाठीला लागत होतं, आणि खांद्यावरचं यंत्र घुंई करत मोजत होतं.