माझ्या तोटीतला पाहुणा

मी एक जुनी किटली आहे. नाक वर करून बोलते असे वाटले तर रागावू नका, मित्रांनो. किटलीचे नाक वरच असते. माझे मात्र आता मुरडलेलेही आहे, आणि त्याला कारण आहे.

झिम्बाब्वेतल्या बुलावायो शहरात, एका कारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या निळ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. बिकिता भागातल्या मुचानेता आत्याने मला घरी आणले आणि चुलीमागच्या मातीच्या फडताळावर अगदी मधोमध बसवले. घरी कोणी आले की आधी माझी आठवण व्हायची. भरपूर दूध, त्याहून जास्त साखर आणि सोबत पावाचे जाड तुकडे. पाहुणे म्हणायचे, "मुचानेताकडचा चहा म्हणजे चहा!" हे बोलणे माझेच कौतुक आहे असे मी धरून चालत असे.

पुढे माझ्या बुडाचे टवके उडाले. घरात चकचकीत नवी किटली आली आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन पडले. तिथे मला आत्याच्याच घरी राहणारी तिच्या भावाची धाकटी मुलगी चेनाई हिने उचलले. वय पाच वर्षे, नाक वाहते, नखांत माती. तिला किड्यांचे वेड होते. शी! आठवले तरी माझे झाकण थरथरते.

ती शेजारच्या मुनाशेबरोबर पाहुणे-पाहुणे खेळायची. पाहुणे कोण, तर शेणात लोळून आलेला भुंगा, केसाळ सुरवंट आणि शेकडो पायांचा काळाकुट्ट पैसा-किडा. घर कोणाचे? माझे! ज्या पोटात मी दुधाचा चहा उकळला, त्या पोटात शेणाच्या गोळ्या. पैसा-किडा घाबरला की गोल वेटोळे करतो आणि पिवळे, घाणेरडे पाणी सोडतो. चेनाईला त्याचे कौतुक. "बघ, बघ, पाहुणे लाजले!" असे म्हणून ती टाळ्या पिटायची.

आणि थंडीत येतात हारुर्वा. नखाएवढे हिरवे किडे, झाडावर घोसांनी लटकणारे. गावातल्या लोकांना ते खाणे म्हणजे जीव की प्राण. पण हा किडा जिवंत असतानाच कोमट पाण्यात टाकावा लागतो. तिथे तो आपली दुर्गंधी सोडून देतो. ते पहिले पाणी डोळ्यांना झोंबते, ते फेकून द्यायचे. जो आधीच मेला, त्याची घाण त्याच्या पोटातच राहते. असा एक जरी निवडायचा राहिला, तरी अख्खे पातेले कडूजहर होते. म्हणून इथे सून बघताना विचारतात, मुलीला मेलेला ओळखता येतो का?

चेनाईची मोठी बहीण रुवाराशे सुपात किडे निवडत बसली की चेनाई तिच्या शेजारी बसून आपला खेळ मांडायची. रोज संध्याकाळी ती पाहुण्यांना निरोप द्यायची. मला उलटी करून हलवायची आणि तोटीला तोंड लावून विचारायची, "कोणी राहिलंय का आत?"

एके दिवशी मुनाशेने एक हारुर्वा मागच्या दाराने, म्हणजे माझ्या तोटीतून, आत कोंबला. तो तिथेच अडकला, चेनाईने मला कितीही हलवले तरी निघाला नाही, आणि तिथेच मेला. मित्रांनो, घशात असे काही घेऊन तुम्ही कधी राहिला आहात का? मला ओकारी येत होती, पण किटलीला चहाशिवाय दुसरे काही ओकता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी रुवाराशेच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडचे मध्यस्थ यायचे होते. नवी किटली मयताच्या घरी उसनी गेली होती. आत्याने मला शोधून काढले, राखेने घासले, कोमट पाण्याने विसळले. मी हरखून गेले. पुन्हा फडताळ! पुन्हा पाहुणे!

चेनाई आत्याचा पदर ओढत होती. "आत्या, हिच्यात नको ना करूस. एक पाहुणा आत राहिलाय."

"पाहुणे बाहेर बसलेत, बाई. सर बाजूला. आणि मोठ्यांच्या मध्ये आज तोंड उघडायचं नाही, सांगून ठेवते."

पाहुणे म्हणजे एक काटकुळे म्हातारे गृहस्थ. आत्या त्यांना कुळाच्या नावाने शुंबा, म्हणजे सिंह, म्हणत होती. रुवाराशेने गुडघे टेकून त्यांना कप दिला. त्यांनी एक घोट घेतला. त्यांचे गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आले. तरी तो घोट त्यांनी कसाबसा गिळला. शरमेने माझी कडी खाली पडली.

"मुचानेता," ते हळूच म्हणाले, "हा चहा आहे, की हारुर्व्याचं पहिलं पाणी?"

आत्याचा चेहरा उतरला. शुंबांनी कप खाली ठेवला. "ज्या घरात चहात मेलेला सापडतो, त्या घरच्या मुलीच्या हातचं आमच्या पोराने काय खायचं?"

रुवाराशेने मान खाली घातली. तेवढ्यात चेनाई पुढे झाली. तिने गवताची काडी माझ्या तोटीत घातली, फिरवली आणि ओढली. शी शी शी! पण निघाला तो.

"आजोबा, चूक ताईची नाही. मुनाशेने घातला होता. मी आत्याला सांगितलं, पण आत्या म्हणाली गप्प बस." तिने तळहात त्यांच्या नाकाखाली नेला. "हा मेलेला. बघा, पाय पोटाशी घेतलेत. जिवंत असता तर फुंकर मारल्यावर बोटाला घट्ट धरून बसला असता. ताईनेच शिकवलंय मला."

शुंबांनी किड्यावर फुंकर मारली. मग त्या शेंबड्या पोरीकडे पाहिले, मग रुवाराशेकडे.

"एवढीशीला हे शिकवलंस?"

"हो," रुवाराशे मान वर न करता म्हणाली.

म्हातारा खो-खो हसू लागला. "मग आमच्या घरातल्या पोरांनाही शिकवायला ये! बोलणी सुरू करा, मुचानेता. फक्त चहा पातेल्यात करा."

रुवाराशेचे लग्न ठरले आणि माझे फडताळ कायमचे सुटले. आत्या म्हणाली, "ही अवदसा आता चेनाईचीच."

तेव्हापासून मी किड्यांचे घर आहे. आज पोटात एक शेणकिडा आहे, आणि नाही, मला त्याची सवय झालेली नाही. मित्रांनो, किड्यांशी खुशाल खेळा, पण खेळ संपला की त्यांना घरी सोडा आणि आमच्यासारख्यांची तोटीही नीट बघा. आणि शेंबडे पोर पदर ओढून काही सांगत असेल, तर चूल पेटवण्याआधी ऐकून घ्या.

फडताळावर मी इतकी वर्षे बसले. सगळ्यांनी माझ्यातून ओतून घेतले, पण आत डोकावून कोणी काही विचारले नाही. आता रोज संध्याकाळी ते वाहते नाक माझ्या तोटीला चिकटते. शी! पण मी वाट बघत असते.

"कोणी राहिलंय का आत?"

मी आहे ना, चेनाई.