माळजाईचा मान

काळेवाडीच्या गोजाबाईला सासरी चांगला शब्द असा कधी मिळाला नव्हता. भाकरी करपली तर तिच्यामुळं, म्हैस आटली तर तिच्या पायगुणानं. मान म्हणाल तर एकच, आणि तोही लाथेचा! गोजा पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून डोक्याकडून नव्हे, पायांकडून जन्मलेली. पायाळूची लाथ बसली की लचकलेली कंबर सुटते म्हणतात. म्हणून गावातली भली भली मंडळी ओसरीवर पालथी पडायची आणि गोजा पदर सावरून त्यांच्या कमरेला हळूच पाय लावायची. सासू अंबुबाई हसून सांगायची, "तेवढ्याच कामाची हाय बघा आमची सून."

आणि त्या पौषात सगळं गाव एकाएकी गोड झालं.

आधी सासूनं तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात वाढली. वर लोणी. मग शेजारची शालनबाई खण-नारळ घेऊन आली, तिची ओटी भरली आणि वाकून पायाच पडली. ही बाई गोजाच्या आईच्या वयाची!

"अवो शालनकाकी, हे काय करता?"

"असू दे गं माय," शालनबाई म्हणाली आणि गोजाकडं बघून इतकं गोड हसली, की गोजा दोन पावलं मागंच सरली. जन्मभर शिव्या खाल्लेल्या माणसाला असा गोडवा पचतोय होय?

पाणवठ्यावर निघाली की दोघी-तिघी सोबत यायच्या. चाकणला भावाकडं जाऊन येते म्हणाली, तर सासूनं गालावरून हात फिरवला. "मंगळवार होऊ दे, लक्ष्मी. मग जा की कुठंबी." मंगळवारी काय आहे, हे मात्र कुणी सांगेना.

तसं गोजाला अर्धं ठाऊक होतंच. नदीपलीकडं पिंपरीला कारखाना उभा राहत होता. त्यात अंबुबाईची तिकडल्या काठावरची जमीन गेली, जमिनीबरोबर भरली विहीर गेली. विधवा बाई हट्टाला पेटली. माळावर नवी विहीर खणायला घेतली. काळा खडक फोडून माणसं टेकीला आली. पाण्याचा टिपूस नाही, उलट सुरुंगात एक पाथरवट गेला. मग देवऋषी रंगरावाच्या अंगात माळावरची देवी माळजाई आली आणि म्हणाली, मला माझा मान द्या. कोंबडं दिलं, बकरं दिलं. खडक तसाच. त्यानंतरच्या मंगळवारी देवी काय म्हणाली, ते गोजाला कळलं नव्हतं. तेव्हा बायकांनी तिला मुद्दाम घरी ठेवलं होतं.

तिनं नवऱ्याला गाठलं. चिमाजी बैलांना वैरण टाकत होता.

"देवीनं काय मागितलंय वो?"

त्यानं वैरणीची आणखी एक पेंढी सोडली.

"मी इचारतीया. पायाळू म्हणून मला मागितलंय न्हवं?"

"देवीपुढं आपलं काय चालतंय, गोजे," चिमाजी म्हणाला. अगदी हळू, कुणाचं झोपलेलं पोर उठू नये अशा आवाजात.

गोजाला काय ते कळलं. पण बाई चिवट. सोबतिणींचा डोळा चुकवून तिनं पोलीस पाटील बबनरावांचं घर गाठलं. बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं, अडकित्त्यानं सुपारी कातरली.

"हे बघ पोरी, आता राज आपलं हाय. ज्यानं त्यानं आपापला धर्म पाळावा, असं सरकारनंच ठरवलंय. देवीच्या कामात मी कसा पडू?"

"आन् धर्मच सुरा घिऊन आला तर?"

"असं अभद्र बोलू नये. मान हाय तो. निस्ता मान." बबनरावांनी सुपारी तोंडात टाकली आणि दाराकडं बघितलं. दारात शालनबाई उभी होती, हसत.

मंगळवारी उजाडता उजाडता तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला. नदीवरून धुकं माळावर चढलं होतं. त्यात माणसं कमरेपासून वरच दिसत होती, आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू. कोरड्या विहिरीच्या काठावर तिला उभी केली. चिमाजी मान खाली घालून गर्दीत. पाटील सगळ्यांच्या मागं. हलगी घुमायला लागली.

आता रीत काय, ती गोजानं लहानपणापासून पाहिलेली. बकऱ्यावर पाणी ओततात. बकऱ्यानं अंग झाडलं, की देवीनं ते घेतलं; मगच सुरा. नाही झाडलं, तर त्याच्या केसाला धक्का लावायचा नाही. रंगराव या रीतीला पक्का होता. आणि गोजाला सुटकेचा एवढाच दोर दिसला.

पाणी घरच्या बाईनं घालायचं. अंबुबाईनं घागर उचलून सुनेच्या डोक्यावर ओतली.

"घे गं आई, घे!" माणसं म्हणाली.

थंडी हाडात घुसली. गोजानं पायाची बोटं खडीत रुतवली, दातावर दात दाबले. हलायचं नाही. मेलं तरी हलायचं नाही! दुसरी घागर. आणखी एक. पाण्याच्या धारांआड हसरी तोंडं पुढं सरकली. श्वाससुद्धा सगळ्यांचा एकदमच आत-बाहेर होत होता. हलगी थांबली. गोजा उभीच.

अंबुबाईनं चिडून पुढची घागर उचलली ती निम्मी स्वतःच्याच अंगावर सांडली. नदीकडून वारा आला आणि म्हातारी डोक्यापासून पायापर्यंत थरथरली.

हलगी वाजली. धडाधडा वाजली.

सगळ्या माना एका दमात अंबुबाईकडं वळल्या. तेच हसू आता तिच्याकडं. शालनबाई वाकली आणि म्हातारीच्या पायांना हात लावून म्हणाली, "माय."

"अगं मी पायाळू न्हाई! मी न्हाई!" अंबुबाई मागं सरली. मागं विहीर.

"आईनं घेतलं," रंगराव शांतपणे म्हणाला. "तिची मर्जी." त्यानं सुरा उचलला.

"हात लावून तर बघ!" चिमाजी एवढ्या मोठ्यानं ओरडला, की हलगीवाल्याचा हात वरच राहिला. चिमाजी गर्दी फोडून धावला, रंगरावाच्या हातातला सुरा हिसकावला आणि विहिरीत भिरकावला. "आई हाय ती माझी! कुठली देवी आन् काय! एकेकाला तुडवीन!"

आणि संपलंच सगळं. बायकांनी माना खाली घातल्या. पुरुषांनी घोंगड्या गुंडाळल्या. रंगराव देवीच्या कोपाचं काही पुटपुटत राहिला, पण ऐकायला कुणी थांबेना. पाटील मागून पुढं आले. "चला, पांगा! खुनाचा कायदा हाय म्हटलं! एकेकाला आत टाकीन!"

एका माणसाच्या एका ओरडण्यावर थांबलं. गोजा बघत राहिली.

चिमाजीनं आईला कवेत घेतलं, तिचे डोळे पुसले. मग बायकोकडं वळला. "चल गोजे, घरी चल. टळलं बघ."

गोजा आता लटलटा कापत होती, दात वाजत होते.

"आवाज हाय की तुमाला," ती म्हणाली. "मला वाटलं, न्हाईच."

तिनं मळवट ओल्या पदरानं पुसला आणि नदीच्या उताराकडं, पिंपरीच्या वाटेनं चालू लागली. चिमाजीनं तिला हाक मारली. हळूच मारली.