हेबर्लेंच्या नावाची चिठ्ठी

इंग्रजांचा मला तेव्हा फार राग यायचा. वाजवायचा ढोल, तेलाचं पिंप, गाडीच्या ब्रेकमधलं भांडं, सगळ्याला त्यांचा आपला एकच ड्रम. आम्हा जर्मनांचं तेवढ्यावर भागत नाही. ढोल ती ट्रोमेल, पण नगारा असला की पाउके. तेल भरतो ते फास. कपडे धुवायच्या मशीनमध्ये फिरते ती ट्रोमेल, पिस्तुलात गोळ्या भरतो तीही ट्रोमेल, आणि परीक्षेआधी घोकंपट्टी करतो त्याला म्हणायचं नगारा बडवणं. बासष्ट साली स्टुटगार्टच्या एका इंग्रजी-जर्मन शब्दकोशाच्या कचेरीत मी चिकटलो आणि पहिल्याच दिवशी हा ड्रम माझ्या गळ्यात पडला.

कचेरीच्या प्रमुख डॉक्टर जाइडलिट्झबाई. त्यांचा नियम एकच होता: कानाने ऐकल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही. ज्याचा धंदा त्याच्याकडे जायचं, तो कामात असताना काय बोलतो ते ऐकायचं, आणि त्याचं वाक्य, नाव, गाव, तारीख चिठ्ठीवर उतरवायची. एक शब्द पुरा झाला की त्या सगळ्या माणसांना शुक्रवारी कॉफीला बोलवायचं. बाई एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचणार, माणूस ‘हो, मी म्हणालो’ म्हणणार, मगच ती छापायला जाणार.

मी बंदरावर गेलो, गॅरेजांत गेलो, लष्करी बँडवाल्यांची बडबड ऐकली. शेवटी एकच चिठ्ठी राहिली, कातडी कमावायच्या ड्रमची. त्यासाठी बाकनांगच्या टॅनरीतले मुकादम गॉटहिल्फ हेबर्ले यांना मी पत्राने मंगळवारची वेळ कळवली होती. पण त्या संध्याकाळी मला नाचाला जायचं होतं, अंगात नवा सूट होता, आणि टॅनरीचा वास कपड्यांतून आठवडाभर जात नाही असं कोणीतरी सांगितलेलं. मी अर्ध्या वाटेत वाइब्लिंगेनला उतरलो, स्टेशनवर बिअर मागवली आणि टेबलावरच चिठ्ठी लिहून टाकली. ‘ट्रोमेल फिरू द्या, कातडं मऊ पडेल.’ खाली हेबर्लेंचं नाव, तारीख. फिरतं म्हणजे ट्रोमेलच असणार, असा माझा हिशेब. बाहेरगावची माणसं कॉफीला सहसा येत नसत, हाही त्यातलाच.

हेबर्ले आले. चर्चला जायचा काळा कोट घालून, बोटं कातड्याच्या रंगाने तपकिरी झालेली. बाईंनी इतर चिठ्ठ्या वाचल्या, माणसं हो हो म्हणत गेली, आणि मग त्यांची चिठ्ठी आली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग हेबर्ले म्हणाले, “हो. मीच म्हणालो.”

जिन्यात मी त्यांना गाठलं. 

“आलाच नाहीत तुम्ही,” ते म्हणाले. “आमच्या हिने प्लमचा केक केला होता. संध्याकाळपर्यंत कापू दिला नाही मी कोणाला.”

“मग हो का म्हणालात?”

“एवढ्या लोकांत तुम्हाला खोटं पाडू? नोकरी गेली असती की हो.” मग त्यांना हसू आलं. “ट्रोमेल म्हणे. कातडी काय मिरवणुकीला निघाली होती? अहो, आमचं ते फास. माझा आजा फासच म्हणायचा. ट्रोमेल म्हणणारा माणूस टॅनरीच्या दारातसुद्धा उभा राहिलेला नसतो.”

मी मान खाली घातली. सोमवारी बाईंना सगळं सांगतो, म्हणालो.

“सांगा. आणि झालं की मला दोन ओळी टाका. आमची पोरं वाचतील हो ते पुस्तक.”

सोमवारी मी बाईंच्या दारापर्यंत गेलो. बाईंनीच मला आत बोलावलं. हेबर्लेंची चिठ्ठी हातात धरून त्या सगळ्यांना सांगत होत्या की वाक्य असं टिपावं, जिवंत. मी थँक्यू म्हणालो. आजही ते थँक्यू आठवलं की मला माझं तोंड बघवत नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर कौतुक गोड लागलं होतं. मी कोणाला काही सांगितलं नाही. हेबर्लेंना दोन ओळी टाकल्या नाहीत.

वर्षाने कोश निघाला. ज्याचं वाक्य त्याला एक प्रत पोचवायची, तीही ज्याने टिपलं त्याने, अशी बाईंची रीत. मी बाकनांगला गेलो, या वेळी सरळ शेवटपर्यंत. वास खरंच घशात बसतो. आवारात दोन पुरुष उंचीची लाकडी पिंपं घरघरत होती आणि हेबर्ले पाठमोरे उभे होते.

“तीन नंबरची ट्रोमेल थांबवा,” ते ओरडले.

चार-पाच जण खो खो हसले. एकाने पोटावरचं चामडी एप्रन दोन्ही हातांनी ढोलासारखं बडवलं, दुसरा पाय आपटत परेड करायला लागला. ही थट्टा आजची नव्हती, हे त्यांच्या सफाईवरून कळत होतं. हेबर्लेंनी तिकडे बघितलं नाही. वळले तेव्हा मी दिसलो.

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी हात पुसले, पण घेतलं नाही लगेच.

“तुमचं पत्र आलं नाही तेव्हाच समजलो,” ते म्हणाले. “चार माणसांत हो म्हणून बसलो होतो. ते खोटं कशाला राहू द्यायचं? म्हणून वर्षभर ट्रोमेलच म्हणतोय. जिभेवर बसत नाही अजून.”

 माफी मागायलाही लाज वाटली. त्यांनी पुस्तक घेतलं, कोटाच्या आत ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

“आज ऐकलंत ना स्वतःच्या कानाने?” ते म्हणाले. “मग चिठ्ठीवरची तारीख तेवढी बदलून घ्या.”