घडी घातलेली पदवी

२०११ सालची गोष्ट. पाडांगचा मोठा भूकंप होऊन दोन वर्षं झाली होती, पण तो कोणाच्या पापाने झाला हा वाद आमच्या भागात अजून चालूच होता. पूर्वी असले वाद चहाच्या टपरीपुढच्या बाकावर व्हायचे. त्या बाकाला आम्ही पालांता म्हणतो. त्या सुमाराला तो बाक फोनमध्ये गेला होता. पालांता नावाचाच एक गट निघाला होता. गावात राहिलेले आणि जाकार्ता, मलेशियात पोटासाठी गेलेले आमचे मिनांग लोक तिथे देव, विज्ञान, स्वर्ग, नरक यांवर तासन्तास भांडायचे. खरं नाव फारसं कुणी लावत नसे.

घर माझ्या आईचं. तेव्हा त्यात मी होते, माझ्या मयत बहिणीची मुलगी नेल्फिरा होती, तिचा धाकटा भाऊ देस्रिझाल होता आणि नेल्फिराचा नवरा हेन्द्रिझोन. आमच्यात जावई बायकोच्या घरी राहायला येतो. त्याचं प्रेम असतं, मानपानही असतो, पण त्याचं वजन जळक्या खुंटावरच्या राखेएवढं, असं जुने लोक म्हणत. हेन्द्रिझोनचं बुकितिंग्गीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. पाच वेळा नमाज, मोठं हसू, आणि एकदा वादाला बसला की उठायचा नाही. देस्रिझाल शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. तिशी उलटली तरी त्याचं लग्न झालं नव्हतं.

एका दुपारी चटईवर आम्ही जेवायला बसलो होतो. हेन्द्रिझोन डाव्या हातातल्या फोनवरून वाचून दाखवत होता.

"ऐका, हा मालिन बातुआ काय लिहितो. 'भूकंप ही शिक्षा होती, तर मशिदीची भिंत पडली आणि शेजारचं गाण्याचं दुकान उभं राहिलं, हे कसं? भिंतीत लोखंड किती होतं ते आधी विचारा.'"

"लोखंडाचं खरंच आहे," देस्रिझाल म्हणाला.

"अरे मास्तर, पुढे ऐक तर. 'देव असेलच, तर त्याला इतके वकील कशाला लागतात?' असेलच तर, म्हणे. या माणसाला मी शोधून काढणार. अर्ज तयार आहे, पोलिसांत जाणार."

"अहो, मासे गार होतायत," नेल्फिरा म्हणाली.

माझा घास हातातच राहिला होता. मालिन बातुआ ही माझ्या मामाची पदवी. लग्न झालं की आमच्या पुरुषाला घराण्याची एक पदवी मिळते आणि मग सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात. माझा मामा अठ्ठावन्न सालच्या सरकारविरुद्धच्या बंडात जंगलात गेला, तो परतलाच नाही. त्याच्यामागे ती पदवी कुणाला द्यायची यावर एकमत होईना. अशा वेळी पदवीची घडी घालून ठेवली, असं आम्ही म्हणतो. ती मग कुणी वापरत नाही. पन्नास वर्षांत ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. देस्रिझाल लहान असताना मी त्याला मामाच्या गोष्टी सांगायचे, तेवढंच.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून माशाचा काटा काढत होता.

हेन्द्रिझोन दुकानात गेल्यावर मी देस्रिझालला चुलीपाशी गाठलं.

"बंद कर ते."

"मावशी, मी खोटं काय लिहिलं?"

"खरंखोटं विचारलं का मी? तुरुंगात जाशील. आणि नाव तरी दुसरं घ्यायचं होतंस."

"मला कुठे पदवी आहे? म्हटलं, ही पडूनच आहे. तुम्हीच सांगायचात ना, मामाआजोबा म्हणायचे, ज्या गुरूला प्रश्न सोसत नाही त्याने तंबाखू विकावी."

"ते प्रश्न विचारायचे आणि मग नमाजाला उभे राहायचे. तू राहतोस?"

तो चुलीकडे वळला. जळण पुढे सारत राहिला.

लिहिणं त्याने थांबवलं, पण उशीर झाला होता. हे नाव आपल्याच डोंगराखालच्या एका घराण्याची घडी घातलेली पदवी आहे, असं मलेशियातल्या कुणा म्हाताऱ्याने गटात लिहिलं. हेन्द्रिझोन खूश झाला. तो परक्या घराण्यातून आलेला जावई, आमच्याकडच्या जुन्या पदव्या त्याला कुठून ठाऊक असणार? पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून तो बाजार समितीच्या दोघांना घेऊन आला. बरोबर माझा धाकटा भाऊ स्याफनिर होता, आमच्या घराण्याचा दातुक, म्हणजे प्रमुख.

मी कॉफीच्या पानांचा चहा ठेवला. देस्रिझाल मधल्या पडद्यामागे होता. पडद्याखाली मला त्याची पावलं दिसत होती.

"अक्का," स्याफनिर म्हणाला, "हे लोक एक पदवी विचारतायत. मी तेव्हा रांगत होतो. तू घरातली थोरली. मालिन बातुआ कुणाची?"

समितीतला जाड माणूस म्हणाला, "आजीबाई, नुसतं गावाचं नाव सांगा. पुढचं आम्ही बघतो."

"पुढचं म्हणजे काय बघता?"

"अर्जात नाव घालायचं आणि ठाण्यावर द्यायचा. त्याआधी बाजारातली पोरं त्याला भेटली, तर तो त्याच्या नशिबाचा भाग."

माहीत नाही म्हटलं असतं, तर ते शेजारच्या म्हाताऱ्यांकडे गेले असते, आणि त्यांतली एखादी बोललीच असती. मग पोरं आधी आली असती. मी पेला खाली ठेवला.

"पदवी या घरची आहे. माझ्या मामाची."

हेन्द्रिझोन हसायला लागला, मग थांबला. या घरात पुरुष किती, हे त्याला मोजावं लागलं नाही.

"आता तुम्ही बसलात ते लिहिणाऱ्या भाच्याचं घर, आणि हा स्याफनिर त्याचा मामा," मी समितीवाल्यांना म्हटलं. "भाच्याची तक्रार आधी मामाकडे येते. तुमचे आजेही असेच यायचे. स्याफनिर, विचार त्याला."

स्याफनिरने विचारायच्या आधीच देस्रिझाल बाहेर आला आणि चटईच्या कडेला बसला.

"मी लिहिलं."

"माफी माग," स्याफनिर म्हणाला.

"पदवी न विचारता घेतली, त्याची मागतो. लिहिलेल्याची नाही."

"बघा," जाड माणूस म्हणाला आणि त्याने अर्ज हेन्द्रिझोनपुढे सरकवला. "गटातला माणूस तुम्ही, सही तुमचीच लागते. तुमचेच शब्द आहेत सगळे."

हेन्द्रिझोनने पेन घेतलं. खरंच सगळे त्याचेच शब्द होते. त्याच वेळी नेल्फिरा आतून आली. तिच्या हातात हिरवी कापडी पिशवी होती, त्यातून त्याच्या निळ्या सदऱ्याची बाही लोंबत होती. ती कुणाकडे न बघता पुढे गेली आणि पिशवी दाराबाहेरच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली. मग परत येऊन पेल्यांत चहा ओतू लागली. नवऱ्याला घराबाहेर काढायचं तर आमच्यात बायको एवढंच करते. त्यापुढे काही सांगावं लागत नाही.

पेन हातातच धरून हेन्द्रिझोनने त्या बाहीकडे पाहिलं.

"तू नरकात जाशील," तो देस्रिझालला म्हणाला.

"माहीत आहे. बऱ्याचदा लिहिलंयत तुम्ही."

"आणि तुला मी हरवणार आहे. या मास्तरकीचा माज उतरवणार आहे. पण शिपायाच्या दंडुक्याने हरवलं, तर लोक म्हणतील हेन्द्रिझोनला उत्तर सुचलं नाही." त्याने अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "चहा घ्या आणि निघा. हे आमच्या घरातलं आहे."

"घर तुझं नाही," जाड माणूस म्हणाला.

"नाहीच. म्हणूनच सांभाळून बोलतोय."

चहा न घेताच ते उठले. जिन्यावर त्यांना पिशवी ओलांडून जावं लागलं.

देस्रिझालची सुटका पुरती झाली नाही. शाळेत कुजबुज पोचली आणि त्याची बदली समुद्रापलीकडे सिबेरुत बेटावर झाली. तिथेच त्याने एका नर्सशी लग्न केलं, त्याला दोन मुली आहेत. पालांता गट वर्षभरात बंद पडला. समितीतला जाड माणूस हाजला जाऊन आला. आता दिसला की सलाम करतो, पण घरी येत नाही. स्याफनिरला विसरायला होतं, पण देस्रिझालला ती पदवी द्यायचा विषय काढला की नकाराची मान हलवतो.

हेन्द्रिझोन दर रविवारी सिबेरुतला फोन लावायचा आणि अंगणातून ओरडत भांडायचा. कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी तो गेला. देस्रिझाल बोटीने आला, तोवर मातीही झाली होती. तो कबरीपाशी संध्याकाळपर्यंत उभा होता. प्रार्थना केली का, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर म्हणाला, "मावशी, शेवटच्या फोनवर त्यांनी मला एक प्रश्न घातला होता. अजून उत्तर सापडलं नाही."

नेल्फिरा दुकान बघते. हिरव्या पिशवीत ती तांदूळ आणते.

मालिन बातुआची घडी अजून तशीच आहे.