पेपरची भिशी

रविवारी रंगुबाई पळसदेवहून बारामतीला लेकाकडे आल्या, की घरात आधी चिलापीचा वास शिरे आणि मागून त्या. त्या रविवारी मात्र त्या एकट्याच शिरल्या. सुनेने, मेघनाने, वाटण तयार ठेवलं होतं. तिने पिशवीत डोकावलं, तर आत नुसती वांगी.

"आत्या, मासे नाही आणले?"

रंगुबाईंनी तिला निरखून पाहिलं. "माशांत इख हाय म्हणून तूच छापतीस, आन् मलाच इचारतीस व्हय?"

मेघनाला काही उमगेना. तेव्हा नवऱ्याने, संघपालने, मोबाइल पुढे केला. भिगवणच्या मासळी व्यापाऱ्यांत वर्तमानपत्रातली एक बातमी फिरत होती. उजनीच्या चिलापीत घातक शिसं सापडलं, बारामतीच्या प्राध्यापकांचं संशोधन. खाली संशोधकांची नावं होती आणि त्यांत मेघनाचंही होतं. व्यापाऱ्यांनी पळसदेवचा माल उचलणं बंद केलं होतं. तिचा धाकटा दीर गोकुळ तिथेच होडी घालतो. त्याने धरलेले मासे काठावरच नासले होते.

"कवा आलतीस मासा न्यायला? गोकुळला न्हाय दिसलीस, मला न्हाय दिसलीस. चोरून आलतीस का?"

 मेघना काठावर गेलीच नव्हती.

तिच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पेपरची भिशी चालते. बायका पैशांची लावतात तशीच. ज्याची पाळी त्याने शोधनिबंध लिहायचा, पहिलं नाव त्याचं, मागे बाकी सगळ्यांची. पुढच्याने आपल्या निबंधात या निबंधाचा दाखला द्यायचा, म्हणजे दाखल्यांचा आकडाही फुगतो. बढतीच्या समितीला आकडा लागतो. आत काय लिहिलंय हे बघून समितीने आपली दुपार कशाला खराब करावी? मेघना पीएचडीला मान मोडून राबली होती. भिशीबाहेर राहिली तोवर 'मॅडम, तुमचे एवढेच?' हे तिने पुष्कळ ऐकलं, आणि शेवटी तीही भिशीत शिरली. या खेपेची पाळी सहकारी अविराजची होती. निबंध तिने उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

तो तिने आता उघडला. मधेच एक वाक्य होतं : नमुने भरतीच्या वेळी गोळा केले.  उजनी धरणाला भरती कधीपासून यायला लागली?

सोमवारी तिने विभागात सगळ्यांसमोर अविराजला तेच विचारलं. त्याने आधी दाराकडे पाहिलं. "खाडीवरचा एक जुना पेपर होता मॅडम. जागेची, माशांची नावं बदलली, तेवढं वाक्य राहून गेलं."

"हळू बोला," विभागप्रमुख रणजित सर म्हणाले. "मेघना मॅडम, पुढची पाळी तुमची आहे. बढतीला तुम्हाला एकच पेपर कमी पडतोय. हे उकरलंत तर हातातला आकडाही जाईल. आणि वाचतंय कोण?"

"भिगवणच्या व्यापाऱ्यांनी वाचलाय, सर."

 सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून करताय हे?"

ऐका! माणूस खोटं बोलला तर त्याला कुणी विचारत नाही. खरं बोलला की त्याच्या मागे कोण आहे याचा शोध सुरू होतो. मेघनाने त्याच दिवशी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला आणि त्या वर्तमानपत्राला कळवलं, की मासे तपासलेच नव्हते आणि माझं नाव कामाशिवाय लागलं आहे. बढतीच्या यादीतून ती गेली. विभागात तिच्यापुढे चहाचा कप ठेवणंही थांबलं. घरी येऊन ती रडली, कारण बढती तिला खरोखरच हवी होती.

पुढच्या रविवारी तपासणीचे मासे न्यायला बर्फाची थर्माकोलची पेटी घेऊन ती पळसदेवच्या काठावर उतरली. गोकुळने मान फिरवली.

रंगुबाई म्हणाल्या, "आता लिहून दे, मासा चांगला हाय म्हणून. बाजार सुरू व्हईल."

"कसं लिहू, आत्या? वाईट आहे असं न तपासता छापलं. आता चांगला आहे असंही न तपासताच छापू?"

"आन् खरंच वाईट निघाला तर?"

मेघनाने गोकुळकडे पाहिलं.  "तर तसंच लिहीन."

रंगुबाईंनी सुनेकडे पाहिलं, गेल्या रविवारच्याच संशयी नजरेने. मग त्यांनी लुगडं खोचलं.

"गोकुळ, होडी काढ. मासा हिच्या म्होरं धरायचा. मी बी येती. हितं कुणाच्या शब्दावर इस्वास न्हाय आपला, हिच्या बी न्हाय."

मेघनाने हात देऊन त्यांना होडीत घेतलं. होडीत अजून जागा होती. निबंध मोजून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समितीतल्या एकालाही आजवर तिथे बसावंसं वाटलेलं नाही.