कीर्तनामागची भिंत

कला-इतिहास हा मुख्य विषय घेणाऱ्याला दुसऱ्या वर्षी घरची एक भिंत जमा करावी लागते. म्हणून कालिंदी जिनगरनं दिवाळीच्या सुट्टीत बेलवंड्याच्या राममंदिरातली मागची भिंत सोडवली आणि चटईसारखी गुंडाळून एसटीनं शहरात आणली. सोडवायला फारसा वेळ लागला नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात नख घालायचं, हे विभागानं छापून दिलेल्या कागदात होतंच. कंडक्टरनं भिंतीचं अर्धं तिकीट घेतलं आणि बजावलं, "मांडीवर धरा ताई, चुना सांडतोय."

ही भिंत तिच्या वडिलांनी रंगवलेली. भालचंद्र जिनगर, गावाच्या तोंडी भालूपेंटर. शाळा सातवीपर्यंत, पण दुकानाची पाटी असो की बैलाची शिंगं, हात फिरवावा तर भालूनंच. कालिंदीची आई ह. भ. प. गोदाताई, पंचक्रोशीत कीर्तन करणाऱ्या. गोड गळा, स्वच्छ वाणी, आणि पूर्वरंग असा बांधायच्या की चपला चोरायला आलेला माणूससुद्धा आत येऊन बसावा. पण गाव ते गावच. समोर कधी पन्नास माणसं, तर लगीनसराईत पेटीवाला आणि तबलजी धरून चार. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भालूनं हे पाहिलं. गोदाताई उभ्या राहायच्या त्यामागच्या भिंतीवर त्यानं दीडशे श्रोते काढले. कुणी डोळे मिटलेले, कुणी मांडीवर पोर घेतलेलं, एक तर चक्क पेंगणारा.

"आता समोर कुणी नसलं तरी पाठीशी दीडशे आहेत," तो म्हणाला. गोदाताईंनी त्या दिवशी गजर जरा लांबवला.

कालिंदी त्या भिंतीवर मागाहून आली. पहिली रांग, उजवं टोक, वय वर्षं पाच. गजराला तोंड उघडलेलं, उजवा हात टाळीसाठी वर आलेला, आणि डावा हात नाहीच. त्या जागी कोरा चुना.

"बाबा, माझा हात?"

"घाई काय आहे? मोठी होऊन हातात काय घेऊन येतेस ते बघू. मग काढू."

कीर्तन संपलं की गोदाताई प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लावत. शेवटचं जिवंत कपाळ झालं की वळून भिंतीवरच्या दीडशेंनाही लावत. देवाच्या दारी आलेला कोरा जाऊ नये. वीस वर्षांच्या बुक्क्यानं त्या कपाळांवर काळ्या टिकल्यांचे थर चढले होते.

कालिंदीनं हा विषय का घेतला, ते तिनं एकदाच सांगितलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात भित्तिचित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्यात दर चित्राखाली एक नाव. "अशा पुस्तकात बाबांचं नाव आलं पाहिजे," ती जेवताना म्हणाली. भालू हसला. म्हणाला, "आधी भाजी घे." पण दुसऱ्या दिवशी परसात एक जुना पत्रा सापडला, त्यावर चार वेगवेगळ्या वळणांत 'भा. रा. जिनगर' अशी सही करून पाहिलेली.

कॉलेजातला विभाग म्हणजे एक बोळ. दर विद्यार्थ्यामागे तो एक भिंतभर लांबतो. कालिंदीला जागा मिळाली ती अगदी टोकाला, आफरीन मुलाणीच्या शेजारी. आफरीननं स्वयंपाकघराची भिंत आणली होती, फळीवरच्या भांड्यांसकट.

"अम्मी रोज फोनवर ओरडते, चहाचा डबा तुझ्याकडे आलाय म्हणून," ती म्हणाली. "पाठवू कसा? मॅडमनी त्याला नंबर घातलाय."

भिंत जिथून सुटते तिथून विभागाचा बोळ दिसू लागतो. यात नवल असं काही नव्हतं, कागदात दिलंच होतं. त्यामुळे कालिंदी आपल्या भिंतीची कड पडद्यासारखी उचलून खाली वाकली की तिला देऊळ दिसे, आणि देवळातल्यांना बोळ.

"अगं, मागनं वारा येतो," गोदाताई फोनवर म्हणाल्या. "तुमच्यातली पोरं डबे खात मागनं जातात. परवा एकादशीला मी सीताशोधनात, आणि मागे कुणीतरी लोणचं मागतंय. आवाज पुढे जायच्याऐवजी मागेच पळतो बघ. पाठ उघडी पडलीय माझी."

"रामनवमीला परत आणते, आई."

"आण हो. आणि हे विचारतायत, नाव घातलं का?"

"घालणार आहे. आजच फॉर्म आहे."

मागून भालूचा आवाज आला, "रामचंद्र पूर्ण लिही म्हणावं. नुसता रा. नको."

शेजवलकर मॅडम विभागाच्या प्रमुख. मॅडम वाईट नव्हत्या. फक्त त्यांनी चाळीस वर्षं चित्रं पाहिली होती आणि आता त्यांना माणसंही तेवढ्याच अंतरावरून दिसत. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा कपाळावर चढवला.

"हे डाग कसले?"

"बुक्का आहे, मॅडम. कीर्तनानंतर लावतात."

"चित्राला?"

"बसलेल्या सगळ्यांना."

"बुरशी लिहा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कापसाचा बोळा व स्पिरिटची बाटली तिच्या हातात दिली. "आणि काढून टाका."

कालिंदीनं दीडशेच्या दीडशे कपाळं पुसली. खालचा रंग इतका ताजा निघाला की तिला लाज वाटली. पेंगणाऱ्याचं पुसताना तो दचकून जागा झाला आणि पुन्हा पेंगला. स्वतःचं कपाळ तिनं शेवटी ठेवलं होतं, ते राहिलंच. कारण फॉर्मची वेळ झाली.

फॉर्म एका पानाचा होता. माध्यम: चुना व खळीचे रंग. स्थिती: अपूर्ण, एक हात नाही. चित्रकार या रकान्यात तिनं सुवाच्य अक्षरात भालचंद्र रामचंद्र जिनगर लिहिलं, कंस उघडला, जन्मसाल घातलं, पुढे एक आडवी रेघ ओढली.

"कंस बंद करा," मॅडम म्हणाल्या.

"ते आहेत, मॅडम."

"कुठे?"

"घरी."

"मग नाव येणार नाही. असलेल्या माणसाचा इतिहास होत नाही. एक तर पुढचं साल घाला, नाहीतर अज्ञात लिहा. पाचला खिडकी बंद होते."

"साल घातलं तर?"

"तर त्या साली," मॅडम म्हणाल्या. तासाची वेळ बदलल्याचं सांगावं तशा.

"आणि भिंत जमा केलीच नाही तर?"

"तर विषय बदलेल. भिंत मात्र इथेच राहील. फॉर्म नसलेली भिंत कोठीत जाते, आणि कोठीतलं पुढे कुणी पाहत नाही."

आफरीननं केव्हाच फॉर्म भरला होता. भिंत तिच्या आजोबांनी बांधलेली. "आजा आधीच गेलाय," ती हळूच म्हणाली. "सुटला बिचारा."

पाचला सात मिनिटं होती. कालिंदीनं विचार केला. साल घालणं म्हणजे पोटच्या पोरीनं बापाला काठावर उभं करणं. त्यापुढे अज्ञात म्हणजे काय, एक शब्द. शब्दानं कुणी मरत नाही. उद्या डिग्री हाती आली की आपणच पुस्तक लिहू, आपणच नाव घालू. तिनं डाव्या हातानं कागद दाबून धरला, उजव्यानं वडिलांचं नाव खोडलं आणि त्यावर 'अज्ञात' लिहिलं. डावा हात उचलला तेव्हा कागदावर चुन्याचा पंजा उमटला होता.

"छान," मॅडम म्हणाल्या. "अज्ञात हा आपल्या विषयातला सर्वांत मोठा चित्रकार. निम्मं जग त्यानंच रंगवलंय. आणि आजवर एकदाही तक्रार घेऊन आलेला नाही."

तिला अ श्रेणी मिळाली. बोळाच्या तोंडाशी यादी लागली, त्यात पहिलं नाव तिचं.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला.

"बरं झालं केलास," गोदाताई म्हणाल्या. "ओसरीवर एक गृहस्थ येऊन बसलेत. पाचाच्या सुमारास आले. रंगाचे डबे आहेत बरोबर. चहा दिला. भले वाटतात गं, कप विसळून ठेवला."

"आई, ते बाबा आहेत."

"कुणाचे?"

कालिंदीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवूनच जा म्हटलं मी त्यांना," गोदाताई म्हणाल्या. "अतिथी आहे."

दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर गेली. खिडकीतल्या माणसानं वर पाहिलं नाही.

"नावाच्या दुरुस्तीला चित्रकारानं स्वतः यायचं. ओळखणारे दोघे आणायचे."

"मी ओळखते."

"तुम्ही विद्यार्थिनी. विद्यार्थ्याचं ओळखणं धरत नाहीत. त्यासाठीच तर परीक्षा असते."

तिनं तबलजी गणूकाकांना फोन केला. त्यांनी बाबांच्या शेजारी बसून वीस वर्षं ठेका धरला होता. "कोण भालू?" ते म्हणाले. "पाट्या? पाट्या काय, पहिल्यापासून आहेतच की गावात." मग तिनं किराणा दुकानदाराला विचारलं, शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं, बैलवाल्या रावसाहेबांना विचारलं. रावसाहेब म्हणाले, आमच्या बैलाची शिंगं उपजतच निळी.

दर फोनागणिक तिचा डावा हात थोडा वर पांढरा होत गेला. फाल्गुनात तो कोपरापर्यंत चुना झाला. आफरीन तिची वेणी घालून देई. "दुखतं का?" तिनं विचारलं. "नाही," कालिंदी म्हणाली. "काहीतरी धरायचं राहिलंय असं वाटतं फक्त."

रामनवमीला सकाळी ती भिंत उतरवायला गेली. वरच्या डाव्या कोपऱ्यात नख घातलं. नख शिरेना. कोपऱ्यावर पितळी पट्टी ठोकलेली, तीवर नंबर, आणि नंबराखाली चित्रकाराचा तो एक शब्द. फक्त खालची कड अजून सुटी होती. पलीकडे पेटीचा सूर लागला. भिंत नाही तर नाही, तिनं ठरवलं, पण बाबांना आजच्या आज इकडे घेऊन यायचं. समोर उभं करायचं. आपली भिंत पाहिल्यावर राहिलेला हात आपोआप आठवेल. ती कड उचलून खाली वाकली आणि पलीकडे निघाली.

भिंत जिथे असायची त्या रेषेपर्यंत तिला जाता आलं. पुढे नाही.

समोर आईची पाठ. नऊवारीचा काठ, हातात चिपळ्या, माध्यान्हीचं ऊन कळसाखालच्या झरोक्यातून सरळ पाळण्यावर. आईपुढे सात माणसं. त्यांत तिसऱ्या जागी भालू, नखांत निळा रंग, डोळे मिटलेले, मान डोलत असलेली. रामजन्म झाला, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला. गोदाताईंचा आवाज आज एका दिशेला जात नव्हता. एकेक शब्द पुढे निघे आणि मागे वळून कालिंदीच्या छातीवर येऊन थांबे. असं गोड कीर्तन तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"बाबा," तिनं हाक मारायला तोंड उघडलं. तोंड उघडलं तसंच राहिलं. उजवा हात वर केला होता, तोही तसाच.

गोदाताईंनी बुक्क्याची वाटी घेतली. एकेका कपाळी लावत त्या भालूपाशी आल्या.

"पाहुणे कुठले म्हणायचे?"

"आठवत नाही, बाई."

"असू द्या. त्याला आठवतं," त्या रामाकडे बोट करून म्हणाल्या, आणि इतरांना लावला त्याहून जरा जास्तच बुक्का त्यांनी त्याच्या कपाळी लावला.

मग वीस वर्षांच्या सवयीनं त्या मागे वळल्या. रिकाम्या बोळात उजव्या टोकाला कालिंदी होती. आईचं बोट तिच्या कपाळाला टेकलं. बोट थंड होतं. डोळे प्रेमळ होते, देवळातल्या कशाकडेही पाहताना असत तितकेच.

भालू उठून जवळ आला. एक डोळा बारीक करून, अंगठा समोर धरून त्यानं कालिंदीला मापलं.

"सुरेख उतरलंय. कुणी काढलं?"

"ठाऊक नाही हो," गोदाताई म्हणाल्या. "जुनं असेल."

"जुनं नाही. ओलं आहे अजून." त्यानं वाकून पाहिलं. "हात राहिलाय हिचा."

"मग काढा की. तुमच्यापाशी रंग आहेत."

त्यानं डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि कोऱ्या चुन्यासमोर धरून तसाच उभा राहिला.

"हात काढीन. पण हातात काहीतरी द्यायचं होतं त्याला. असा वेगळा ठेवलाय म्हणजे ठरवून ठेवलाय. काय ते काढणाऱ्यालाच ठाऊक."

ब्रशच्या टोकाशी निळा थेंब जमत होता. मागच्या बोळातून चपलांचा आवाज जवळ आला, स्पिरिटचा वास आला.

"कालिंदी," शेजवलकर मॅडम म्हणाल्या, "तुमचं एक कपाळ राहिलंय," आणि ओला कापूस मागून तिच्या कानावरून पुढे आला.