शिवणबाईंचे चालणारे ठिपके

शिवणबाईंची नजर अशी, की साठी उलटली तरी सुईत दोरा पहिल्याच खेपेला जायचा. त्यामुळे मशीनवरच्या पांढऱ्या कापडावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चालताना दिसला, तेव्हा हा भास असेल असं त्यांना वाटलंच नाही. वाटलं ते बाकीच्यांना.

मानेवर, दंडावर, कमरेला लाल पुरळ उठला होता. खाजवून खाजवून जीव नकोसा झाला. मुलगा म्हणाला, "ढेकूण असतील." फवारणीवाला आला, घरभर वास सोडून गेला, खाज जागच्या जागी. मग गादी बदलली. डॉक्टरांनी आधी मलम दिलं आणि नंतर मुलाला बाजूला घेऊन झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या दिवसापासून मुलगा आईशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायला लागला. बाईंना ते खाजेपेक्षा जास्त झोंबलं.

शेवटी एका गिऱ्हाइकाने भिंगवाल्यांचं नाव सुचवलं. हे गृहस्थ किडे मारत नसत, फक्त ओळखत.

सकाळी ते आले. गादीच्या शिवणी उलगडून बघितल्या. "ढेकूण असते तर इथे काळे डाग पडले असते. गादी स्वच्छ आहे."

"म्हणजे तुम्हीही मला वेड्यात काढणार?"

"छे हो! पण आधी नाव कळू दे, मग औषध."

बाईंनी डबीतून चिकटपट्टीचा तुकडा काढला. त्यावर सात ठिपके चिकटवले होते. "पुरावा लागणार हे माहीत होतं मला."

भिंगवाले खूश झाले. "माझं निम्मं काम तुम्हीच केलंत की!" त्यांनी पिशवीतून छोटा सूक्ष्मदर्शक काढला, पट्टी खाली सरकवली, बघितलं आणि बाजूला झाले. "बघा."

बाईंनी डोळा लावला. ठिपका कुठला! काचेच्या मण्यासारखं आरपार दिसणारं अंग, त्यावर एकेक केस रोवल्यासारखा, आणि पोटात माणकासारखा लालभडक थेंब. पाय मोजले. आठ. एक पाय अजून हलत होता.

"हा लाल थेंब... माझं रक्त?"

"तुमचं, नाहीतर पाखराचं. आठ पाय म्हणजे किडा नव्हे, गोचिडीचा भाऊबंद आहे हा. पाखरांच्या अंगावर जगतो. कुठे जास्त दिसतात?"

"मशीनच्या उजवीकडे."

दोघांनी भिंतीला नाक लावलं. वरच्या झरोक्यापासून खाली, रांगेत, धूळच जणू चालत येत होती. भिंगवाले स्टुलावर चढले. जाळीमागे चिमणीचं घरटं होतं, रिकामं. पिल्लं उडून गेली होती आणि ही उपाशी फौज ऊब शोधत भिंत उतरत होती.

घरटं खाली आलं तेव्हा बाई बघतच राहिल्या. काड्यांमध्ये निळे, पिवळे, जरीचे धागे विणलेले. त्यांच्याच कात्रीखालून पडलेले तुकडे चिमणीने एकेक करून नेले होते, आणि बाईंसारख्या बाईला पत्ता नव्हता.

"आता माझं कसं?"

"माणसावर यांचा संसार चालत नाही. घरटं बंद पिशवीत बांधून टाकूया, झरोक्याला बारीक जाळी मारूया, भिंत साबणाच्या पाण्याने पुसा. थोड्या दिवसांत उरलेसुरले संपतील."

दुपारी मुलगा जेवायला आला. भिंगवाले सूक्ष्मदर्शक संध्याकाळपर्यंत ठेवून गेले होते; बाईंनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवून दिली. तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. ताटातलं गार झालं.

"आई," तो डोळा न काढताच म्हणाला, "तू हे नुसत्या डोळ्यांनी बघत होतीस?"

"हो."

"आणि मी तुला गोळ्या देत होतो."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जरा सरक. मला परत एकदा बघू दे."